मासेमारीचे साहित्य, विमानप्रवासातील

विमानाने जाताना गळ, दोरा, रीळ, शिसे, जाळे इत्यादी मासेमारीची साधने सुरक्षा तपासणीतून नेण्याचे नियम व संकेत. प्रवाशाचे सामान दोन प्रकारचे असते : आसनापर्यंत सोबत राहणारे हातसामान आणि विमान कंपनीकडे सोपवून मालकक्षात ठेवले जाणारे चेक-इन सामान. मासेमारीच्या संपूर्ण संचाला एकच नियम लागू होत नाही. त्यातील प्रत्येक वस्तू धार, लांबी, वजन आणि विजेचा साठा या कसोट्यांवर स्वतंत्रपणे पारखली जाते.

अशी साधने रूढ असलेल्या भागाचे एक उदाहरण म्हणजे रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील वडखळ. येथे मुंबई–गोवा महामार्गाला अलिबागचा रस्ता फुटतो आणि पश्चिमेस अंबा नदीची धरमतर खाडी आहे. या खारपट्ट्यातील आगरी व कोळी समाजांत पाग (कडेला शिसे ओवलेले, हाताने फेकण्याचे गोल जाळे) आणि गरी (दोऱ्याला गळ बांधलेले साधन) ही साधने रूढ असून, येथील तळ्यांत वाढवला जाणारा जिताडा हा मासा उत्तर ऑस्ट्रेलियात ‘बारामुंडी’ या नावाने हौशी गळकऱ्यांत प्रसिद्ध आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्याने पेण–पनवेल मार्गाने या भागाला विमानसेवा जवळ आली आहे.

भारतातील व्यवस्था : सप्टेंबर १९७६ मधील इंडियन एअरलाइन्सच्या विमानाच्या अपहरणानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्यूरो एक कक्ष म्हणून स्थापन झाला, तर १ एप्रिल १९८७ पासून तो स्वतंत्र विभाग बनला. नियम हा ब्यूरो ठरवतो. प्रत्यक्ष तपासणी बहुतेक मोठ्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करते. विमान पळवून कंदाहारला नेल्याच्या घटनेनंतर, फेब्रुवारी २००० मध्ये, जयपूर विमानतळापासून या दलाकडे हे काम येऊ लागले.

साधनांनुसार नियम : गळ तीक्ष्ण असल्याने तो चेक-इन सामानातच ठेवावा आणि सामान उघडणाऱ्याच्या हाताला टोचू नये म्हणून त्याचे टोक बुचात खोचून किंवा जाड कापडात गुंडाळून बंद डबीत ठेवावे. मासे साफ करण्याची सुरी, कोयती, पक्कड आणि भाल्यासारखे अस्त्र सोडणारी बंदूक यांना हातसामानात थारा नाही. मासेमारीच्या काठीच्या बाबतीत देशोदेशी भेद आहे : अमेरिका व ब्रिटन येथील सुरक्षा नियम ती हातसामानात नेऊ देतात, मात्र विमान कंपनीची आकारमर्यादा पाळावी लागते, तर भारतात क्रिकेटची बॅट, हॉकी व गोल्फच्या काठ्या हातसामानात निषिद्ध असल्याने मासेमारीची काठीही चेक-इन करणेच सुरक्षित ठरते. सात फुटी काठी चार तुकड्यांत सुटणारी असली, तर एकेक तुकडा सुमारे ५५ सेंमी. भरतो व नेहमीच्या बॅगेत मावतो. दोन तुकड्यांची काठी मीटरहून लांब राहते, म्हणून ती पीव्हीसी नळीत घालून दोन्ही टोके बंद करतात.

रीळ तीक्ष्ण नसल्याने त्यास सहसा हरकत घेतली जात नाही, तथापि त्यावरील मजबूत दोरा एखाद्याला बांधण्यासाठी वापरता येईल अशी शंका काही ठिकाणी घेतली जाऊ शकते. शिशातून क्ष-किरण जवळजवळ पार जात नसल्याने पागाच्या कडेचे वा गळाला लावायचे शिसे पडद्यावर गडद डागासारखे दिसते आणि त्यामागील वस्तू झाकली जाऊन बॅग उघडण्याची वेळ येते. शिवाय देशांतर्गत उड्डाणांत चेक-इनची मर्यादा बहुधा १५ किलो असल्याने जाळ्याचे वजन आधी करणे इष्ट असते. विद्युत रीळ किंवा मासे शोधणाऱ्या यंत्राच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या याच्या उलट हातसामानातच न्याव्या लागतात, कारण मालकक्षात लागलेली आग लवकर लक्षात येत नाही. १०० वॅट-तासांहून अधिक क्षमतेस कंपनीची परवानगी लागते आणि १६० वॅट-तासांपलीकडच्या बॅटऱ्या प्रवाशाला नेता येत नाहीत. बहुतेक आंतरराष्ट्रीय उड्डाणांत पातळ वा लगद्यासारखे आमिष हातसामानात १०० मिलि.पेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही.

जैवसुरक्षा : सुरक्षा तपासणी निर्गमनाची, तर जैवसुरक्षा तपासणी आगमनाची असते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे वापरलेले मासेमारी साहित्य उतरताच जाहीर करावे लागते. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो हे नदीपात्र व्यापणारे शैवाल आढळल्यानंतर ओल्या साधनांवरील दक्षता वाढली. त्यामुळे खाडीत वापरलेले साहित्य गोड्या पाण्याने धुऊन, चिखल काढून व पूर्ण वाळवून नेणे आवश्यक ठरते.

यादीत परवानगी असलेली वस्तूही तपासणी अधिकाऱ्यास धोकादायक वाटल्यास तो अडवू शकतो आणि त्याचा निर्णय त्या वेळी अंतिम मानला जातो. अडवलेली वस्तू परत जाऊन चेक-इन करणे, निरोप द्यायला आलेल्यांकडे सोपवणे किंवा तेथेच सोडणे, एवढेच पर्याय प्रवाशाकडे उरतात.