मँचेस्टरच्या काळ्या पतंगाची बखर

दिवाळीच्या रात्री पणतीपाशी एखादे पाखरू घिरट्या घालू लागले की घरातले मूल हमखास ओरडते, "तो बघा पतंग!" आणि आजी लगबगीने ज्योतीला हाताचा आडोसा करते. त्यापलीकडे या बापड्या जीवाची वास्तपुस्त आपण सहसा करीत नाही. परंतु वाचकहो, इंग्लंडातील एका पतंगाची गेल्या पावणेदोनशे वर्षांची हकीकत अशी आहे की, एखाद्या राजघराण्याच्या बखरीनेही तिच्यापुढे मान तुकवावी.

या पतंगाला इंग्रज लोक 'पेपर्ड मॉथ' म्हणतात. पांढुरक्या पंखांवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके, म्हणून हे नाव. तो रात्री उडतो आणि दिवसभर झाडाला चिकटून निपचित बसतो. आपल्या मसाल्यात दगडफूल पडते ना, तसलीच फिकट बुरशी तिकडच्या झाडांच्या सालींवर वाढते. तिच्यावर हा पतंग बसला की पक्ष्याच्या तीक्ष्ण नजरेलाही चटकन दिसत नाही. हेच त्याचे चिलखत.

१८४८ साली मँचेस्टर शहरात या जातीचा एक पतंग सापडला. तो मात्र नखशिखांत काळा होता! कीटक जमविणाऱ्या हौशी मंडळींना ती एक नवलाईची चीज वाटली. मँचेस्टर म्हणजे त्या काळची कापडगिरण्यांची राजधानी. कोळशाच्या धुराने दगडफूल मरून गेले होते आणि झाडांच्या साली काजळीने माखल्या होत्या. पुढल्या सत्तेचाळीस वर्षांत काय व्हावे? १८९५ साली त्याच परिसरात शंभरांतील अठ्ठ्याण्णव पतंग काळे भरले. पांढराच आता दुर्मीळ झाला!

मग काजळीने पतंग काळे केले की काय? पुष्कळांची समजूत अशीच होते, आणि नेमकी तीच चुकीची आहे. एकही पांढरा पतंग आपल्या आयुष्यात काळा झाला नाही. पांढरा जन्मला तो पांढराच मेला. काळा रंग आला तो आनुवंशिक द्रव्यात आपोआप घडलेल्या एका फेरफारामुळे, आणि तो फेरफार धुराची वाट पाहत बसला नव्हता. एरवी असा काळा पतंग फिकट सालीवर उठून दिसला असता आणि पक्ष्याच्या चोचीत गेला असता. पण धुराने झाडच काळे केले आणि डाव उलटला. पांढरे वेचले जाऊ लागले, काळे निभावले आणि त्यांनी आपला रंग पोराबाळांना दिला. मातापित्यांपैकी एकाकडून जरी हा काळा वारसा मिळाला तरी संतान काळे निपजते. म्हणजे एकेक पतंग बदलला नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्या समूहातले प्रमाण बदलत गेले. उत्क्रांती म्हणतात ती हीच.

गंमत पाहा. डार्विनचा सुप्रसिद्ध ग्रंथ १८५९ सालचा. असले बदल फार मंद असतात, माणसाच्या आयुष्यात ते दिसायचे नाहीत, अशी त्याची धारणा होती; आणि त्याच्याच देशात, त्याच्याच हयातीत हे नाटक रंगात आले होते!

पक्ष्यांचा हा खुलासा टट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १८९६ साली मांडला. १९२४ साली हॉल्डेन यांनी कागदावर गणित केले. वर्षाला एक पिढी, म्हणजे पन्नासएक पिढ्यांत एवढी उलथापालथ व्हायची तर काळ्यांची वंशवृद्धी पांढऱ्यांच्या दीडपट हवी, असा त्यांचा हिशेब निघाला. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला त्यांनी देह ठेवला.

पण गणित म्हणजे पुरावा नव्हे. केटलवेल या पेशाने डॉक्टर असलेल्या गृहस्थांनी १९५३ साली बर्मिंगहॅमजवळच्या काळवंडलेल्या रानात पतंगांच्या पंखांखाली रंगाच्या खुणा करून ते सोडले आणि रात्री दिवे लावून पुन्हा पकडले. काळे जवळजवळ दुप्पट प्रमाणात परत आले. १९५५ साली डॉर्सेटच्या स्वच्छ रानात हाच प्रयोग केला, तेव्हा निकाल नेमका उलटा लागला.

यापुढचा अध्याय मोठा समाधानाचा आहे. डिसेंबर १९५२ मधल्या विषारी धुक्याने लंडनमध्ये हजारो माणसे दगावली. त्यानंतर १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. धूर ओसरला तसे काळे पतंगही ओसरले. लिव्हरपूलनजीक १९५९ साली शंभरांत नव्वदांहून अधिक काळे होते. १९९५ च्या सुमारास ते विसाच्या आत आले.

तथापि शास्त्राच्या दरबारात जुन्या कीर्तीला माफी नसते. पतंग काही झाडाच्या बुंध्यावर फारसे बसत नाहीत, शिवाय केटलवेलने ते दिवसाउजेडी सोडले, असे आक्षेप निघाले. कोणी तर लबाडीचाही आरोप केला. केंब्रिजचे मायकेल मॅजेरस या वादात हातघाईवर आले नाहीत. २००१ पासून त्यांनी आपल्या बागेत रात्री पतंग सोडायला आरंभ केला. पहाटे ते कुठे बसले ते पाहायचे, आणि पक्षी कोणाला टिपतात ते दुर्बिणीतून न्याहाळायचे. सहा वर्षे, ४,८६४ पतंग! निष्कर्ष एकच निघाला: स्वच्छ हवेत काळेच अधिक वेचले जातात. २००९ साली मॅजेरस वारले. त्यांच्या सहकाऱ्यांनी ती टिपणे २०१२ साली प्रसिद्ध केली.

राहिला प्रश्न मुळारंभाचा. २०१६ साली लिव्हरपूलच्या संशोधकांनी ती जागाही शोधली. 'कॉर्टेक्स' नावाच्या जनुकात सुमारे बावीस हजार अक्षरांचा एक आगंतुक तुकडा घुसला होता. तो शिरला १८१९ च्या आसपास, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे मँचेस्टरच्या हौशी माणसाच्या हाती लागण्यापूर्वी तीसएक वर्षे हा वेगळेपणा कोठेतरी, कोणाच्या ध्यानीमनी नसता, मूकपणे वंशात चालत आला होता.

समूहात असा एखादा निराळा जीव नसता तर धुराच्या त्या शतकात या पतंगांचे काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा. आज इंग्लंडच्या रानांत पांढऱ्यांची वस्ती पुन्हा नांदते आहे, आणि मँचेस्टरच्या एखाद्या बागेत रात्री दिव्यावर काळा पतंग आलाच, तर १८४८ सालाप्रमाणेच तिथला हौशी माणूस हरखून जातो.