एआय वापरून बिझनेस वेबसाइटसाठी चांगल्या बॅकलिंक्स कशा मिळवायच्या?

घरच्या धंद्याची वेबसाइट सुरू केली, की काही दिवसांतच व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर एक ऑफर हमखास येते: "एवढे पैसे द्या, आठवड्यात हजार बॅकलिंक्स देतो, वेबसाइट थेट गूगलच्या पहिल्या पानावर!" हल्ली त्यात "एआयने बनवलेल्या" असे दोन शब्दही जोडलेले असतात. ही ऑफर घ्यावी का, असं मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर एकच असतं: घेऊ नका. पण याचा अर्थ एआय या कामात उपयोगाचं नाही असा नाही. उलट, दुकान सांभाळून वेबसाइट चालवणाऱ्या माणसाचे कितीतरी तास ते वाचवू शकतं. फक्त कोणतं काम एआयला द्यायचं आणि कोणतं स्वतः करायचं, हे माहीत हवं. आजच्या लेखात आपण तेच पाहणार आहोत.

बॅकलिंक म्हणजे काय?

दुसऱ्या वेबसाइटवरून तुमच्या वेबसाइटवर येणारी लिंक म्हणजे बॅकलिंक. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होते, तेव्हा त्यांनी 'पेजरँक' ही पद्धत तयार केली. १९९८ मध्ये गूगल कंपनी सुरू झाली ती याच पद्धतीच्या जोरावर. कल्पना सोपी आहे. एका पानाने दुसऱ्या पानाला लिंक दिली, तर ती एक शिफारस समजायची. पण सगळ्या शिफारशी सारख्या धरायच्या नाहीत. चप्पल कुठे चांगली मिळते हे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने सांगणं वेगळं, आणि तीस वर्षं चपला शिवणाऱ्या कारागिराने सांगणं वेगळं.

आज गूगल इतरही बऱ्याच गोष्टी बघतं. तरी नवीन पानं शोधायला आणि एखादं पान कोणत्या विषयाचं आहे हे समजून घ्यायला लिंक्सचा उपयोग अजूनही होतो.

प्रत्येक लिंक शिफारस म्हणून मोजली जात नाही, हेही लक्षात ठेवा. लिंकच्या कोडमध्ये 'नोफॉलो' असं लिहायची सोय २००५ पासून आहे. "ही लिंक दिली आहे, पण माझी शिफारस समजू नका" असा त्याचा अर्थ. २०१९ मध्ये त्यात जाहिरातीच्या लिंकसाठी 'स्पॉन्सर्ड' आणि वाचकांनी टाकलेल्या लिंकसाठी 'यूजीसी' अशा दोन खुणांची भर पडली. त्यामुळे इन्स्टाग्रामच्या बायोमधली लिंक ग्राहक आणेल, ती जरूर ठेवा, पण बॅकलिंक म्हणून तिच्यावर विसंबू नका.

संबंधित लिंकच का हवी?

यासाठी एक गाजलेलं उदाहरण बघू. जे. सी. पेनी ही अमेरिकेतली मोठी डिपार्टमेंट स्टोअर कंपनी. २०१०-११ च्या सणासुदीच्या काळात ड्रेस, गालिचे, प्रवासी बॅगा असं काहीही गूगलवर शोधलं, की हीच कंपनी सगळ्यात वर दिसायची. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने यामागचं कारण छापलं. कंपनीच्या ड्रेसच्या पानाला घोरणं, मासेमारी, दंतवैद्य, कसिनो अशा विषयांच्या साइटवरून लिंक्स दिलेल्या होत्या. ड्रेसचा त्या पानांशी काडीचाही संबंध नव्हता. या लिंक्स आपण लावलेल्या नाहीत असं कंपनीने सांगितलं आणि आपल्या एसइओ फर्मला काढून टाकलं. पण गूगलची कारवाई व्हायची ती झालीच. ५९ शब्दांसाठी कंपनीचा सरासरी क्रमांक १ फेब्रुवारीला १.३ होता, तो १० फेब्रुवारीला ५२ वर गेला.

एवढी मोठी कंपनी असा फटका सहन करू शकते. पण घरचा धंदा असेल आणि ऑर्डर वेबसाइटवरूनच येत असतील, तर दहा दिवसांत ५२ व्या क्रमांकावर जाणं म्हणजे फोन वाजायचा बंद होणं.

त्यानंतर एप्रिल २०१२ मध्ये गूगलने 'पेंग्विन' हा अपडेट आणला. डिसेंबर २०२२ पासून खोट्या लिंक्स ओळखायला गूगल 'स्पॅमब्रेन' ही स्वतःची एआय यंत्रणा वापरू लागलं. म्हणजे विकत घेतलेल्या हजार लिंक्सचं बहुतेक वेळा काय होतं? गूगल त्या मोजतच नाही. पैसे गेले, हाती काही नाही. आणि नशीब वाईट असेल तर कारवाईही होते.

एआयला कोणतं काम द्यायचं?

माझा नियम साधा आहे. शोधणं, वाचणं, गाळणं आणि कच्चा मसुदा लिहिणं ही कामं एआयची. माहिती देणं, तपासणं आणि माणसांशी बोलणं ही कामं आपली. कारण लिंक शेवटी एक माणूस देतो, आणि आपल्या वाचकाला त्या पानाचा उपयोग होईल असं वाटलं तरच देतो.

आता उदाहरण घेऊन एकेक पायरी पाहू. समजा, तुमच्या घरी कोल्हापुरी चपला बनतात आणि त्या विकायला तुम्ही वेबसाइट काढली आहे. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांपैकी कोणतंही ॲप चालेल.

पायरी १: लिंक देण्यासारखं एक पान बनवा

"आता खरेदी करा" एवढंच लिहिलेल्या पानाला कोणी का लिंक देईल? आधी माहितीचं एक पान हवं. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा जगभरच्या बातम्यांमध्ये कोल्हापुरीचं नाव आलं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं आहे आणि त्यात महाराष्ट्र व कर्नाटकातले मिळून आठ जिल्हे येतात, ही माहिती तेव्हा पुन्हा पुन्हा छापली गेली. अशा वेळी लिहिणाऱ्याला फोटो हवे असतात, चप्पल बनते कशी हे हवं असतं, कापशी आणि पुकरी यांत फरक काय हे हवं असतं. ज्याच्या साइटवर हे नीट मांडलेलं असेल, त्याला लिंक मिळण्याची शक्यता जास्त.

हे पान एआयकडून लिहून घेऊ नका. एआयला तुमची मुलाखत घ्यायला लावा. मी असा प्रॉम्प्ट देतो:

"आम्ही कोल्हापुरी चपला बनवतो. आमच्या कामाबद्दल मला एका वेळी एक असे १५ प्रश्न विचार. जे इंटरनेटवर सहज सापडत नाही, तेच विचार. माझ्या उत्तरात नसलेलं काहीही स्वतःहून घालू नकोस."

उत्तरं मोबाइलवर मराठी व्हॉइस टायपिंगने द्या. वडिलांना, काकांना शेजारी बसवा. चामडं कमावायला बाभळीची साल आणि हिरडा का वापरतात, खिळे न मारता चामड्याच्या वादीने शिवण कशी घालतात, एका जोडाला किती तास लागतात, पावसात चप्पल भिजली तर काय करायचं, हे सगळं त्यांच्या तोंडून येऊ द्या. मग त्या उत्तरांची नीट मांडणी करायला एआयला सांगा आणि स्वतः काढलेले फोटो जोडा. असं पान दुसऱ्या कोणाकडे नसतं.

पायरी २: नावं नको, प्रकार विचारा

"मला लिंक देतील अशा ५० वेबसाइट दे" असं विचारलंत, तर एआय बंद पडलेल्या किंवा कधीच नसलेल्या साइटचे पत्तेही ठामपणे देऊ शकतं. ईमेल पत्ते तर बिनधास्त बनवून देतं. म्हणून आधी असं विचारा:

"अस्सल कोल्हापुरी ओळखायची कशी, या पानाचा उपयोग कोणकोणत्या प्रकारच्या वेबसाइटच्या वाचकांना होईल? प्रत्येक प्रकारासाठी कारण सांग आणि गूगलवर शोधायचे तीन मराठी व तीन इंग्रजी शब्दसमूह दे."

मग अशी यादी मिळते: कोल्हापूरला फिरायला येणाऱ्यांसाठीचे प्रवासलेख, लग्नाच्या कपड्यांबद्दलच्या साइट, हस्तकलेवर लिहिणारे, फॅशन डिझाइन शिकवणारी कॉलेजं, परदेशातली महाराष्ट्र मंडळं. यात ओळखीची माणसं तुम्ही स्वतः घाला: चामडं पुरवणारे व्यापारी, तुमचा माल ठेवणारी दुकानं, तुम्ही स्टॉल लावलात त्या प्रदर्शनाचे आयोजक. पहिली लिंक बहुतेक वेळा याच ओळखीतून मिळते.

पायरी ३: शोधा आणि गाळा

मिळालेले शब्दसमूह गूगलवर टाका. तेच शब्द त्याच क्रमाने हवे असतील तर अवतरण चिन्हांत लिहा. जी पानं बरी वाटतील त्यांचा मजकूर कॉपी करून एआयला द्या आणि विचारा:

"या पानाच्या वाचकाला माझ्या पानाचा उपयोग होईल का? होणार असेल तर नेमक्या कोणत्या वाक्यापाशी? ओढूनताणून संबंध जोडू नकोस. संबंध नसेल तर सरळ नाही म्हण."

शेवटची दोन वाक्यं विसरू नका. ती नसतील तर एआय आपल्याला खूश करायला सगळ्यालाच "हो" म्हणतं. त्यानंतर प्रत्येक साइट स्वतः उघडून बघा. शेवटचा लेख कधीचा आहे? एकाच साइटवर कर्ज, कसिनो आणि औषधं असं सगळं आहे का? असेल तर ती साइट सोडून द्या. साइटचा 'डोमेन अथॉरिटी' आकडा बघून भुलू नका. तो आकडा मॉझ या कंपनीचा आहे, गूगलचा नाही.

पायरी ४: ईमेल लहान ठेवा

ईमेलचा मसुदा एआयकडून घ्या, पण पाठवायच्या आधी मोठ्याने वाचा. तुम्ही समोरासमोर असं बोलाल का? नसेल तर बदला. साधारण असा ईमेल पुरतो:

"नमस्कार, कोल्हापूरच्या दोन दिवसांच्या सहलीवरचा तुमचा लेख वाचला. त्यात 'चप्पल अस्सल बघून घ्या' असं लिहिलं आहे, पण ती ओळखायची कशी ते आलेलं नाही. आम्ही घरीच चपला बनवतो. अस्सल आणि नकली यांतला फरक आम्ही फोटोंसह एका पानावर दिला आहे. तुमच्या वाचकांना उपयोगी वाटलं तर त्याची लिंक देऊ शकता. फोटो हवे असतील तर तेही पाठवतो."

दिवसाला तीन-चार ईमेल पुष्कळ झाले. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदाच आठवण करा, मग विषय सोडा.

पायरी ५: हिशेब ठेवा

गूगल सर्च कन्सोल हे टूल मोफत आहे. त्यातल्या 'लिंक्स' विभागात कोणत्या साइटनी तुम्हाला लिंक दिली ते दिसतं. गूगल ॲलर्ट्समध्ये दुकानाचं नाव टाकून ठेवा. कोणी नाव लिहिलं पण लिंक दिली नाही, तर आधी आभार माना आणि मग लिंकची विनंती करा.

कुठे थांबायचं?

- पैसे देऊन रँकिंगसाठी लिंक घेणं गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. फुकट चप्पल पाठवून त्या बदल्यात लिंक मागणंही त्यातच येतं. अशी लिंक असेल तर तिला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' लावायला सांगा.
- "तू मला दे, मी तुला देतो" असं मोठ्या प्रमाणात करू नका.
- एआयने शेकडो लेख पाडून ते सगळीकडे टाकू नका. फक्त रँकिंगसाठी ढिगाने बनवलेल्या मजकुराविरुद्ध गूगलने मार्च २०२४ मध्ये धोरण आणखी कडक केलं आहे. तो मजकूर माणसाने लिहिला की मशीनने, याने फरक पडत नाही.
- ईमेल आपोआप पाठवणारं टूल लावू नका. त्याने तुमचा पत्ता स्पॅममध्ये जाऊ शकतो आणि मग ग्राहकाला पाठवलेलं बिलही तिथेच पडू शकतं.

आधीच लिंक्स विकत घेतल्या असतील तर?

घाबरू नका. आधी सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल ॲक्शन्स' बघा. तिथे काही नसेल, तर बहुतेक वेळा वेगळं काही करावं लागत नाही. पुढचे पैसे मात्र लगेच थांबवा. कारवाई झाली असेल तर त्या लिंक्स काढायला सांगा. ज्या निघत नाहीत त्यांच्यासाठी गूगलचं 'डिसअव्हाउ' टूल आहे, पण ते जपून वापरा. चुकून चांगल्या लिंक्सही बाद होऊ शकतात.

शेवटी

या पद्धतीने हजार लिंक्स मिळणार नाहीत. काही महिन्यांत पाच-सहा मिळाल्या तरी मी ते चांगलं काम समजतो. कारण त्या लिंकवरून येणारा माणूस चपलेबद्दलच वाचत असतो. तो नुसता गूगलच्या हिशेबातला आकडा नसतो, उद्याचा ग्राहक असू शकतो. आज फक्त पहिली पायरी करा: घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवा, मोबाइल हातात घ्या आणि एआयला पहिला प्रश्न विचारू द्या.

हा लेख उपयोगी वाटला, तर घरचा धंदा ऑनलाइन आणणाऱ्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा.