नाकातील कूर्चा : रचना आणि शस्त्रक्रिया

मानवी नाकाचा वरचा भाग हाडांचा, तर खालचा भाग प्रामुख्याने कूर्चेचा बनलेला असतो. दोन नाकपुड्यांमधील पडद्याचा पुढचा भागही कूर्चेचाच असतो. नाकाची ठेवण आणि मोकळा श्वासमार्ग या दोन्ही गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात.

ही कूर्चा काचाभ प्रकारची आहे. तिच्या वजनापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. उरलेल्या भागात प्रकार दोनचे कोलॅजेन आणि अ‍ॅग्रिकन हे घटक महत्त्वाचे होत. अ‍ॅग्रिकनला जोडलेल्या काँड्रॉइटिन सल्फेटच्या शृंखलांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे सोडियमचे आयन व त्यांच्यामागोमाग पाणी आत ओढले जाते आणि ऊती फुगू पाहते. कोलॅजेनच्या तंतूंचे जाळे तिला आवरून धरते. या ओढाताणीमुळेच दाबलेले नाक पुन्हा मूळ आकारात येते.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या पेशींना भोवतालच्या आवरणातून झिरपणारे पोषण मिळते. नाकाला मार लागून हे आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साठले, तर पोषण तुटते. साठलेले रक्त वेळीच काढले नाही, तर काही दिवसांतच पू होऊन कूर्चा नष्ट होऊ शकते आणि नाक खोगिरासारखे खचते. लहान मुलांमध्ये नाकाच्या वाढीवरही परिणाम होतो. म्हणूनच मार लागल्यानंतर नाक दोन्ही बाजूंनी बंद झाल्यास तातडीने कान-नाक-घसातज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.

शस्त्रक्रियेतही या रचनेचे भान ठेवावे लागते. कूर्चेच्या एका पृष्ठभागावर छेद दिल्यास तेथील ताण सुटतो आणि ती विरुद्ध बाजूला वाकते. बरगडीची कूर्चा तासताना दोन्ही बाजूंचा ताण समतोल राखावा, हे तत्त्व गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ मध्ये मांडले. वाकडा पडदा सरळ करताना वरच्या व पुढच्या कडेला किमान एक सेंटीमीटर रुंदीची काटकोनी पट्टी राखून ठेवतात. अन्यथा नाकाचा आधारच जातो.

रक्तवाहिन्यांचा अभाव रोपणात मात्र उपयोगी पडतो. रुग्णाचीच कूर्चा दुसऱ्या जागी बसवली, तरी ती झिरपणाऱ्या पोषणावर तग धरते. त्यासाठी पडदा, कान किंवा बरगडी येथील कूर्चा घेतात. स्वित्झर्लंडमधील बासेल येथील संशोधकांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. त्वचेच्या कर्करोगामुळे नाकपुडीचा भाग काढावा लागलेल्या पाच रुग्णांच्या पडद्यातील पेशींपासून त्यांनी प्रयोगशाळेत कूर्चा वाढवून तिचे रोपण केले. हे निष्कर्ष २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर नाकाची ठेवण व श्वसन यांबाबत रुग्ण समाधानी होते.