उतारा

परगावाहून आलेल्या माणसाला मराठीत विचारतात, “कुठे उतरलात?” तो सांगतो, “क्रांती चौकाजवळ एका लॉजवर,” किंवा “मावशीकडे,” किंवा “सुभेदारीवर.” सुभेदारी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे सरकारी विश्रामगृह. गाडीतून तो खरा उतरलेला असतो स्टेशनावर किंवा बसस्थानकावर, पण ते कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. रात्री पाठ टेकायची जागा तो उतारा, आणि तिथे जाणे म्हणजे उतरणे. हा अर्थ आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे, की मुक्कामाचा आणि खाली येण्याचा संबंध काय, हा प्रश्नच मनात येत नाही.

संबंध पाण्याचा आहे. संस्कृतात ‘तॄ’ म्हणजे तरणे, पार होणे. त्याला ‘उत्’ लागला की ‘उत्तरति’: पाण्यातून वर येतो, काठाला लागतो. याच धातूतून नाव या अर्थाची ‘तर’ आली, ‘तारू’ आले, आणि नदी ओलांडायची जागा या मूळ अर्थाचे ‘तीर्थ’ही आले. पूर ओसरला की “नदीला उतार झाला” असे आपण म्हणतो, म्हणजे आता पायी पलीकडे जाता येईल. उतरणारा माणूस आधी काठावर चढत होता. पुढे मराठीत तो नावेतून, मग घोड्यावरून, बैलगाडीतून, रेल्वेतून खाली येऊ लागला. रेल्वे आल्यावर प्रवाशाला मराठीने ‘उतारू’ म्हटले, ते या जुन्या सवयीने. सातबाऱ्याचा उतारा, विषावरचा उतारा, परीक्षेतला उताऱ्यावरचा प्रश्न हे सगळे त्याच क्रियापदाचे गोत आहे. मुक्कामाच्या उताऱ्याला मात्र या भावंडांनी मागे सारले. आज नुसते ‘उतारा’ म्हटले, की मराठवाड्यातल्या माणसाला आधी तलाठी आठवतो.

हाच विचार ग्रीकांच्या भाषेतही आहे. ‘कातागो’ म्हणजे खाली आणणे, विशेषतः भर समुद्रातून जहाज किनाऱ्याला आणणे. त्यावरून प्रवाशांच्या निवाऱ्याला शब्द झाला ‘कातागोगिओन’. सरळ मराठी करायचे तर उतारा. एपिदाव्रोस या आरोग्यतीर्थात अशा एका कातागोगिओनचे अवशेष आहेत. चार चौक आणि त्यांभोवती १६० खोल्या. आपल्या चौसोपी वाड्याच्या चार प्रती शेजारी शेजारी मांडल्यासारखा तो आराखडा आहे.

अथेन्सचे बंदर पिरेअस. इसवी सनापूर्वी ४९३ च्या सुमारास थेमिस्तोक्लीसने त्याची तटबंदी सुरू केली आणि पुढे मिलेतसच्या हिप्पोदामसने सरळ रस्त्यांचे शहर आखून दिले. तिथे गलबतवाले, दलाल, परदेशी कारागीर यांची सतत वर्दळ असे. इसवी सनापूर्वी ३५५ च्या आसपास, लढायांनी अथेन्सचा खजिना रिकामा झालेला असताना, झेनोफोनने उत्पन्न वाढवण्याच्या उपायांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यातला एक उपाय असा : पैसा जमला की बंदराजवळ जहाजमालकांसाठी आणखी कातागोगिया बांधावीत, व्यापाऱ्यांना खरेदी-विक्रीच्या जागा द्याव्यात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी सार्वजनिक उतारे उभारावेत. उतरायला चांगली जागा असली की माणूस येतो, त्याच्यामागून माल येतो आणि मालामागून जकात येते, हे त्याने नीट ओळखले होते.

हेच काम पुढे आपल्याकडच्या बंदरांत झाले आणि त्याची नोंद नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर कोरलेली आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) आपल्या दानांची यादी देतो. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे सोपारा या ठिकाणी त्याने ‘चतुःशाला’, ‘आवसथ’ आणि ‘प्रतिश्रय’ दिले. नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, त्यात तापी आणि डहाणूचीही नदी आहे, आणि दोन्ही तीरांवर ‘सभा’ आणि ‘प्रपा’ केल्या. झेनोफोनला महसूल हवा होता, उषवदाताला पुण्य. पण दोघांच्या डोळ्यांपुढे होता तो बंदरात आलेला, ओळखपाळख नसलेला माणूस.

या यादीपाशी मला नेहमी थांबावेसे वाटते, कारण ती अजून पुरती जुनी झालेली नाही. ‘प्रपा’चे प्राकृतात ‘पवा’ झाले आणि मराठीत ‘पोई’. उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेटजवळ रांजणाला ओले फडके गुंडाळून कुणी पाणपोई मांडतो, तेव्हा शिलालेखातलाच शब्द तो चालवत असतो. ‘आवसथ’ ज्या ‘वस्’ धातूचा, त्याचीच ‘वस्ती’, आणि लग्नात वऱ्हाड उतरते तो ‘जानवसा’ही त्याच कुळातला. ‘प्रतिश्रय’ म्हणून आज कुणी म्हणत नाही, पण जैन साधूंचा ‘उपाश्रय’ हा त्याचा सख्खा चुलतभाऊ शहरांतून दिसतो.

भडोचला उतरलेला माल आणि माणसे पुढे कुठे जात? एक वाट आपल्याकडे येत असे. ‘पेरिप्लुस’ हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातले ग्रीक पुस्तक लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने नोंदवले आहे, की बारिगाझा म्हणजे भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर ‘पैथाना’ आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैथानाहून अकीकासारखे दगड आणि तगरहून भरपूर कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदराला नेत. या ‘खाली नेण्या’साठी त्याने वापरलेले क्रियापद तेच आहे, ज्यातून कातागोगिओन निघाले. घाटावरचा माल समुद्राकडे उतरवणे हे मराठीत म्हणताना आपल्यालाही दुसरे क्रियापद सुचत नाही.

आणि ‘पैथाना’ हा उच्चार पाहा. राजदरबारी आणि पोथ्यांत नाव होते प्रतिष्ठान. बाजारात लोक म्हणत ‘पइट्ठाण’. परदेशी व्यापाऱ्याने बाजारातले नाव कानांनी ऐकले आणि टिपले. भूगोलकार टॉलेमीने त्याचे ‘बैथाना’ केले आणि ते सिरि पोलेमायोसचे, म्हणजे सातवाहन राजा श्री पुळुमावीचे राजनगर असल्याचेही लिहिले. छत्रपती संभाजीनगरपासून पन्नास किलोमीटरवरच्या या पैठणचे बोलीतले नाव दोन हजार वर्षांत फारसे हललेले नाही, याची साक्ष एका ग्रीक कानाने ठेवली. ती साक्ष मला कोणत्याही राजवंशावळीइतकीच मोलाची वाटते.

परदेशी माणसाला आपण ‘यवन’ म्हणालो. आयोनियातले ग्रीक ते इराणी लोकांचे ‘यौन’, पालीतले ‘योन’ आणि संस्कृतातले ‘यवन’. पुढे हा शब्द पश्चिमेकडून आलेल्या कोणालाही लागू लागला आणि अखेर त्याला वैराचा रंग चढला. पण सातवाहनकाळात तो लेण्यांतल्या दात्यांच्या नावामागे सरळपणे येतो. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटाचे यवन आहेत. जुन्नरला चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला आहे आणि इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने इथल्या भिक्षूंसाठी जेवायची जागा कोरून द्यावी, यातच नाणेघाटाच्या वाटेचे सगळे दळणवळण दिसते. चिटच्या दानाचा तो ‘मंडप’ आजही ‘मांडव’ होऊन आपल्या दारात उभा राहतो.

‘लेणे’ हाही असाच शब्द. हिंदीत ‘गुफा’, संस्कृतात ‘गुहा’, मराठीत मात्र लेणे. शिलालेखांतही ‘लेण’च आहे आणि त्याचे मूळ ‘लयन’. ‘ली’ म्हणजे टेकणे, विसावणे, आत लपणे. लयन म्हणजे विसाव्याची, राहण्याची जागा. दागिन्याचे ‘लेणे’ वेगळे, ते अंगावर लेण्याचे. ‘गुहा’ म्हणजे नुसती पोकळी. ‘लेणे’ म्हणताना कुणीतरी तिथे राहते, हे आधीच गृहीत धरलेले असते. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहावे म्हणून कोरलेल्या या वसतिस्थानांना जग आज पाहायला येते. वेरूळ-अजिंठ्याला जाणारा पर्यटक लॉजवर उतरतो आणि सकाळी उठून अडीच हजार वर्षांच्या परंपरेतले उतारे पाहायला निघतो.

त्यातले पितळखोरे मला सगळ्यांत जवळचे. कन्नडच्या पुढे, सातमाळ्याच्या डोंगरात, खानदेशात उतरणाऱ्या वाटांच्या तोंडाशी ते आहे. तिथे एका खांबावर पैठणच्या मितदेवाचे नाव आहे, गंधिक कुळातल्या. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आजचा ‘गांधी’. एका यक्षाच्या हातावर तो घडवणाऱ्या कण्हदास सोनाराने आपले नाव कोरले आहे. पैठणचा अत्तरवाला आणि सोनार यांची नावे वाटेवरच्या लेण्यात सापडतात, कारण त्यांचा माल त्याच वाटेने जात होता.

ग्रीकांकडून त्या काळात आलेले शब्द आपण इतके आपले केले आहेत, की ते उपरे वाटतच नाहीत. द्राख्मे या नाण्याचे ‘द्रम्म’ झाले आणि त्याचे ‘दाम’. भडोचच्या बाजारात ग्रीक राजा मिनँडरच्या जुन्या द्राख्मा चालतात, असे पेरिप्लुसकार सांगतोच. ‘केंद्र’ हे ‘केंत्रोन’. दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधाऱ्या वाटेला आपण भुयार म्हणतो तसे सुरुंगही म्हणू शकतो, तो ‘सुरुंग’ म्हणजे संस्कृत ‘सुरुङ्गा’, मूळ ग्रीक ‘सिरिंक्स’, पोकळ नळी.

पुढची मुक्कामाची भाषा फारसी-अरबीतून आली, आणि गंमत म्हणजे तिनेही उतरणेच आणले. अरबी ‘नझल’ म्हणजे उतरणे, त्याचे ‘मंझिल’ म्हणजे उतरायची जागा, आणि त्याची मराठी ‘मजल’. मजल दरमजल करत जाणारा माणूस उताऱ्यामागून उतारे घेत जात असतो. १६१० साली मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, राजधानीचे शहर वसवले, तेव्हापासून या गावात येणाऱ्या-जाणाऱ्यांची कमी नव्हती. पाणचक्कीपाशी ज्या सूफी संताची कबर आहे, त्याचे नावच बाबा शाह मुसाफिर. दूरच्या डोंगराकडून नळाने आणलेल्या पाण्यावर तिथे जाते फिरे आणि येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. त्या आवारात मशीद आणि मदरशाबरोबर सराईही होती. ‘सराय’ फारसीत वाडा किंवा घर. आपल्याकडे येईतो ती वाटसरूची झाली.

‘मुक्काम’चा प्रवास याच्या उलट झाला. अरबी ‘मकाम’ म्हणजे उभे राहायची, थांबायची जागा. मराठीत तो एका रात्रीचा थांबा झाला, आणि मग पत्रावर येऊन कायमचा बसला. ‘मु. पो.’ लिहून आपण पिढ्यान्‌पिढ्याच्या घराचा पत्ता सांगतो. एसटीने मात्र त्याचा मूळ अर्थ सांभाळला आहे : रात्री गावात थांबून पहाटे निघते ती मुक्कामी गाडी.

ग्रीकांत उताऱ्याला आणखी एक शब्द होता, ‘पांदोखेइओन’, सगळ्यांना घेणारे घर. अरबांनी त्याचे ‘फुंदुक’ केले आणि अरबी मुलखात आजही हॉटेलला फुंदुकच म्हणतात. तोच शब्द पोर्तुगालला पोहोचला तेव्हा ‘अल्फांदेगा’ झाला आणि त्याचा अर्थ झाला जकात कचेरी, कारण परदेशी व्यापारी जिथे उतरत तिथेच त्यांच्या मालावर कर बसे. पोर्तुगिजांनी तो गोव्याच्या बंदरात आणला. उतारा आणि जकात यांची जी सांगड झेनोफोनने घातली होती, ती शब्दाच्या पोटातच तयार झाली.

पिरेअसच्या रस्त्यांवर आज हॉटेलांच्या पाट्यांवर ‘क्सेनोदोखिओ’ असते. ‘क्सेनोस’ म्हणजे परका आणि पाहुणाही. मराठीने ‘हॉटेल’ घेतले, पण आपल्या रीतीने घेतले. आपण हॉटेलात चहा पितो, मिसळ खातो, आणि झोपायला लॉजवर जातो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे राहायची जागा, हे शिकलेल्या मराठी माणसालाही हॉटेलात आधी जेवणच आठवते. ही चूक म्हणून दुरुस्त करू पाहणाऱ्यांशी माझे जमत नाही. जुन्नरच्या शिलालेखातही राहायचे ते लेण आणि जेवायचा तो भोजनमंडप, दोन वेगळे शब्द आहेत. राहण्यासाठी मात्र आपल्याकडे ‘लॉज’हून चांगला शब्द तयार आहे. ‘विश्रामगृहा’तल्या विश्रामाचाच मराठीत ‘विसावा’ झाला, तो वारकऱ्यांनी पालखीसाठी राखला. पाटीवर लिहायला ‘उतारा’ मोकळा आहे.