केंद्र नसलेले चलन बंद कसे करणार?

सरकारला नको असलेले संगणकीय चलन सरकार बंद पाडू शकते का? याचे उत्तर बहुधा तावातावाने दिले जाते. आपण आधी घडलेल्या गोष्टी पाहू.

१९९६ मध्ये अमेरिकेत डग्लस जॅक्सन या कर्करोगतज्ज्ञाने 'ई-गोल्ड' सुरू केले. सोने तिजोरीत राही आणि त्याच्या वजनाचे आकडे इंटरनेटवरून या खात्यातून त्या खात्यात जात. लाखो खाती उघडली गेली. पण सोने, संगणक आणि चालक या साऱ्यांचे पत्ते ठाऊक होते. २००७ मध्ये विनापरवाना पैसे पाठवल्याचा खटला झाला, २००८ च्या जुलैत चालकांनी गुन्हा कबूल केला आणि पुढे योजना आटोपली. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनची रूपरेषा प्रसिद्ध झाली. इथे खतावणीच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. जप्ती नेमकी कुठे न्यायची?

चीनने २०२१ मध्ये ती 'खाणकामा'वर नेली. खतावणीत नवे पान जोडण्यासाठी संगणक एक किचकट गणिती कोडे सोडवतात, त्याला हे नाव आहे. (वीज मात्र खऱ्या खाणीसारखीच खाते!) केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजानुसार एप्रिलमध्ये यातली सुमारे ४६ टक्के क्षमता चीनमध्ये होती. मे-जूनमधील कारवाईनंतर जगातली एकूण क्षमता जवळजवळ निम्म्यावर आली. दहा मिनिटांत भरणारे पान रेंगाळू लागले. पण दर २,०१६ पानांनंतर मागचा वेग पाहून कोडे सोपे वा अवघड करायचे, हा नियम मुळातच आहे. ३ जुलैला काठिण्य सुमारे २८ टक्क्यांनी उतरले आणि गाडी रुळावर आली. इस्त्रीतला थर्मोस्टॅट शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे. पुष्कळ यंत्रे कझाकस्तानात, अमेरिकेत गेली. वर्षअखेरीस क्षमता पूर्ववत झाली.

म्हणून सरकारे हतबल आहेत, असे आम्हाला वाटत नाही. वाण्याला आणि घरमालकाला रुपयेच लागतात, आणि रुपयांची वाट बँकेतून जाते. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने नेमकी तीच अडवली. एकाही संगणकाला हात न लावता काही खरेदी-विक्री केंद्रांना भारतातला गाशा गुंडाळावा लागला. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. बँकेला अधिकार आहे, पण तिच्या देखरेखीखालील संस्थांची हानी झाल्याचे तिने दाखवलेले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. २०२२ च्या अर्थसंकल्पात सरकारने बंदीऐवजी नफ्यावर ३० टक्के कर बसवला, आणि तोटा मात्र इतर उत्पन्नातून वजा करू दिला नाही.