बोटीच्या मैलाटाकीला हवा हवीच. व्हेंट तुंबला तर टाकी चेपते

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके देत पडतं. दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. जेवढं तेल बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी, एवढाच हा हिशेब. बोटीवरच्या शौचालयाचा मैला साठवणाऱ्या टाकीला, म्हणजे होल्डिंग टँकलाही तो तंतोतंत लागू पडतो.

टाकी कशासाठी?
मांडवीसारख्या नदीत फिरणाऱ्या बोटींना मैला पाण्यात सोडता येत नाही. तिथे १९७४ चा जलप्रदूषण कायदा लागू आहे. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जहाजांसाठी 'मार्पोल' कराराचं चौथं परिशिष्ट २००३ पासून अमलात आहे. त्यानुसार प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या पुढेच सोडता येतो. तोवर तो टाकीत सांभाळावा लागतो.

व्हेंटची दोन कामं
व्हेंट म्हणजे टाकीच्या माथ्यावरून बोटीबाहेर काढलेली हवेची नळी. फ्लश केल्यावर टाकीतली हवा तिच्यातून बाहेर जाते आणि टाकी उपसताना बाहेरची हवा आत येते. शिवाय ताजी हवा खेळती राहिली तर मैला कमी घाण मारतो. प्राणवायू संपला की कुजण्याची तऱ्हा बदलते आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो.

पोकळीचा जोर
धक्क्यावरचा पंप जोरात ओढतो. व्हेंट तुंबलेला असेल तर टाकीत पोकळी तयार होते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो असतो. टाकीची एक बाजू ६० बाय ५० सेंटिमीटरची धरली तर क्षेत्रफळ ३,००० चौरस सेंटिमीटर होतं. आतला दाब फक्त एक दशांशाने घटला तरी त्या बाजूवर ३०० किलोचा भार येतो. मग प्लास्टिकची टाकी चेपते, धातूच्या टाकीचे जोड उकलतात, नळ्या चपट्या होतात.

इथेच व्हॅक्यूम व्हॉल्व्ह कामाला येतो. टाकीच्या माथ्यावरचा हा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह एरवी बंद असतो. आतला दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की तो आपोआप उघडतो आणि हवा आत घेतो. मात्र तो व्हेंटला पर्याय नाही. तो हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही.

तुंबल्याची लक्षणं
फ्लशचा हातपंप जड जातो, भांड्यात बुडबुडे येतात, उपसा सुरू होऊन मध्येच थांबतो. कारणं बहुतेक साधीच असतात: मिठाचा थर, कुंभारीण माशीचं मातीचं घर, टाकी काठोकाठ भरल्याने नळीत शिरलेला मैला, किंवा भिजलेला कोळशाचा फिल्टर.

काळजी काय घ्यावी?
• नळी टाकीपासून सतत चढती ठेवावी. झोळ पडला की तिथे पाणी साचतं.
• नळी जाड आणि आखूड असावी, तोंड खिडक्यांपासून लांब.
• प्रत्येक उपशानंतर व्हेंट गोड्या पाण्याने धुवावा.
• व्हेंट तुंबल्याची शंका असेल तर डेकवरचं झाकण एकदम उघडू नये. आत दाब असेल तर मैला उसळून अंगावर येतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं: टाकीत माणूस उतरवू नये. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत १०० वर गेलं की काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका टळला असं वाटतं आणि तिथेच जीव जातो. गावाकडच्या सेप्टिक टँकमध्ये माणसं दगावतात, ती याच वायूने.