मागच्या चाकाचा इतिहास

(मलकापूर, ता. कराड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "गाडीचे मागचे पाटे, चाकं आणि टायर." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी जरा भीतभीतच विचारलं, "सर, तुमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली ना?" म्हटलं, हो, आणि या विषयातलं माझं पहिलं खरं शिक्षण तुमच्याच गावात झालं. ते कसं, हे आधी सांगतो.

१९८४ सालची गोष्ट. मी सांगलीत शिकवत होतो. एक जुनी फियाट घेतली होती, माझ्याआधी दोघांच्या हाताखालून गेलेली. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री होते. त्यांनी एकदा मी जाताना मागून गाडी पाहिली आणि हात करून थांबवलं. म्हणाले, "सर, गाडी मागनं तिरकी चाललीया. पाटं उतरून बघाय पायजेत. दोन दिस गाडी सोडा." मी म्हटलं, परीक्षा संपल्या की सोडतो. गाडी चालत होती ना! चालणाऱ्या गाडीत बिघाड असतो, हे मला पटेना. त्या वर्षी मी बी.ए.च्या वर्गाला कार्यकारणभाव शिकवत होतो, हे मुद्दाम सांगतो.

महिन्याभराने साताऱ्याला लग्नाला निघालो. मागच्या सीटवर आई, पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी. पेठ नाक्याला हमरस्त्याला लागलो आणि मलकापूर जवळ आलं तसा रबर जळल्याचा वास यायला लागला. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. मग मागचा डावा टायर फुटला. गाडीचा मागचा भाग एकदम उजवीकडे गेला, परत डावीकडे आला, आणि रस्त्याच्या कडेला मातीत जाऊन थांबली. समोरून त्या क्षणी काही येत नव्हतं. एवढ्यावरच आम्ही वाचलो. यात माझ्या कौशल्याचा काही भाग नाही.

जवळच्या एका गॅरेजमधले मिस्त्री धावत आले. खाली वाकून बघितलं. मी विचारलं, काय तुटलं? ते म्हणाले, "सामान सगळं हाय सर. बांधणी सुटलीया."

नेमकं काय झालं होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. त्या गाड्यांना मागे एक आडवा आख असायचा आणि तो दोन बाजूंच्या पाट्यांवर बसवलेला असायचा. पाटे म्हणजे पोलादाच्या कमानदार पट्ट्या, एकाखाली एक, खाली आखूड होत गेलेल्या. त्या सगळ्यांच्या मधून एक बारीक बोल्ट जातो, त्याला सेंटर बोल्ट म्हणतात. त्याचं डोकं आखाच्या खाचेत बसतं आणि आख जागेवर धरतं. वरून यू-बोल्ट आवळलेले असतात. यू-बोल्ट सैल पडले की सगळा मार त्या बारीक बोल्टवर येतो आणि एक दिवस तो तुटतो. मग त्या बाजूने आख मागे सरकतो, गाडी तिरकी चालते आणि शेवटी टायर पत्र्याला घासतो.

म्हणजे पाटे शाबूत होते, आख शाबूत होता, टायरही फुटेपर्यंत शाबूतच होता. तुटला होता तो बोटाएवढा बोल्ट.

आता वर बघा. तुमच्या गावाच्या डोक्यावर आगाशिवचा डोंगर आहे, त्यात बौद्ध लेणी आहेत आणि तिथल्या चैत्यगृहापाशी धम्मचक्र कोरलेलं आहे. बौद्ध परंपरेत 'मिलिंदपञ्ह' नावाचा पाली ग्रंथ आहे. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. तो भिक्खू नागसेनाला भेटायला रथातून येतो. नागसेन विचारतो, महाराज, रथ म्हणजे काय? आख म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग सगळ्यांचा ढीग म्हणजे रथ का? तेही नाही. निष्कर्ष असा की 'रथ' हे या भागांच्या आधाराने दिलेलं एक नाव आहे. 'मी' नावाच्या माणसाचंही तसंच.

हा उतारा मी अनेक वर्षं शिकवला. पण मलकापूरच्या मिस्त्रींचं वाक्य ऐकलं तेव्हा त्यातली एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली. भाग एकत्र असणं आणि भाग बांधलेले असणं, यात फरक आहे. आणि बांधलेलं आपोआप बांधलेलं राहत नाही. कुणीतरी ते पुन्हापुन्हा आवळत असतो. रथाच्या चर्चेत राजा आहे, भिक्खू आहे. रथ आवळणारा माणूस त्या चर्चेत नाही, आणि आपल्या इतिहासातही तो फारसा नाही. आज मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

आपल्या भाषेत मात्र तो आहे. 'सुख' या शब्दाची एक जुनी व्युत्पत्ती सांगतात. 'ख' म्हणजे भोक, चाकाच्या मधलं, ज्यात आख बसतो ते. ते नीट असलेलं म्हणजे सुख, बिघडलेलं म्हणजे दुःख. ही व्युत्पत्ती सगळ्या भाषातज्ज्ञांना मान्य नाही, पण ऋग्वेदात 'सुख' हे विशेषण रथाला लावलेलं सापडतं, सहज चालणारा रथ अशा अर्थाने. सुखाची आपली पहिली कल्पना न करकरणारं चाक ही असू शकते, हे मला तरी पटतं.

महाराष्ट्रात चाकाचा पुरावा किती मागे जातो? १९७४ साली अहमदनगर जिल्ह्यात दायमाबादला काशाच्या चार वस्तू सापडल्या. त्यांतली एक म्हणजे बैलजोडीचा रथ, चालवणाऱ्या माणसासकट. तेव्हापासून परवापरवापर्यंत आपल्याकडचं मुख्य वाहन बैलगाडीच. तिच्या लाकडी चाकाचे भाग तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना माहीत आहेत: मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेर पुठ्ठे आणि त्यावर लोखंडी धाव.

ही धाव बसवणं लहानपणी मी पाहिलंय. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची. शेणाच्या गोवऱ्यांच्या गोल आरात ती लाल करायची, म्हणजे ती पसरते. मग चौघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायची, घणाने ठोकायची आणि वरून घागरी ओतायच्या. लोखंड आकसतं आणि आरे, पुठ्ठे, तुंबा सगळं एकमेकांत दाबून बसतं. खिळा नसला तरी चालेल अशी बांधणी! उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव सैल व्हायची, मग शेतकरी चाकं पाण्यात घालून ठेवायचा, म्हणजे लाकूड फुगायचं. हीसुद्धा सर्व्हिसिंगच.

हे करणारा सुतार आणि लोहार, दोघे बलुतेदार. त्रिं. ना. आत्रे यांनी १९१५ साली पुस्तक लिहिलं त्याचं नावच 'गावगाडा'. बलुतं नेमकं कशासाठी होतं, याकडे आपण नीट बघत नाही. नवी गाडी घडवली तर बहुधा वेगळा हिशोब असे. वर्षाच्या सुगीला जे धान्य मिळे ते मुख्यतः डागडुजीसाठी. म्हणजे गावाच्या अर्थव्यवस्थेत दुरुस्तीला ठरलेली जागा होती. मी त्या व्यवस्थेचे गोडवे गात नाहीये. तिनेच या विद्येवर जातीचा शिक्का मारला, शाळेपासून ती दूर ठेवली, आणि माझ्यासारखा प्राध्यापक मिस्त्रीचं बोलणं मनावर घेत नाही, त्याचं मूळही तिथंच आहे.

आता १८८८ साल घ्या. त्या वर्षी जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टमधल्या गुरांच्या डॉक्टराने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाच्या तीनचाकी सायकलला धक्के बसू नयेत म्हणून त्याने तो केला होता. कल्पना पहिली त्याची नव्हती. रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा ती रुजली नाही. आणि त्याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं. सायकली विकायच्या, चालवायला शिकवायच्या, बिघडल्या की दुरुस्त करायच्या. तिथून ते कडबा कापायच्या यंत्राकडे गेले, लोखंडी नांगराकडे गेले, आणि १९१० मध्ये इथून जवळच, कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

दुसरं उदाहरण टायरचंच. एमआरएफ ही कंपनी १९४६ मध्ये सुरू झाली ती फुगे करायला. १९५२ पासून तिने झिजलेल्या टायरवर चढवायचं रबर बनवलं, ज्याला आपण रिमोल्डिंग म्हणतो त्याचं. स्वतःचा टायर तिने १९६१ मध्ये काढला. आपल्याला शाळेत शिकवतात की आधी शोध, मग कारखाना, मग माल, आणि शेवटी कोपऱ्यात दुरुस्ती. आपल्याकडे पुष्कळदा उलटं घडलंय. आधी दुरुस्त करता आलं, म्हणून पुढे घडवता आलं.

रबरी टायर बैलगाडीलाही आला. लोखंडी धावेने रस्ते कापले जायचे. रबरामुळे तीच बैलजोडी जास्त ओझं ओढू लागली. इकडच्या ऊसपट्ट्यात त्या गाडीला लोक 'डनलॉप' म्हणू लागले. माणूस गेला, नाव गाडीला राहिलं. 'स्टेपनी'चंही तेच. वेल्समध्ये लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढलं. इंग्रज तो शब्द विसरले. आपण त्या गल्लीचं नाव रोज डिकीत घालून फिरतो.

पाट्यांचा इतिहास घोडागाडीचा. लंडनच्या ओबाडाया इलियटने १८०४ मध्ये कमानदार पाट्यांवर बग्गी बसवली. ती युक्ती टांग्यात आली, मग मोटारीत. पाटा एकाच वेळी तीन कामं करतो: ओझं पेलतो, आखाला जागेवर धरतो, आणि पट्ट्या एकमेकींवर घासतात त्यामुळे उसळीही थोडी मारतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, मागे पाट्यांवरच चालली. मुंबईतली शेवटची अधिकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आताच्या बहुतेक कारना मागे गुंडाळीची स्प्रिंग असते. टेम्पो-ट्रकला पाटे आहेतच.

आता थोडं उपयोगाचं बोलू, नाहीतर घरी गेल्यावर म्हणाल, सरांनी नुसता मिलिंद सांगितला.

वर्षातून एकदा तरी गाडी मागून उचलून बघायला लावा. पुढच्या चाकांना दगड किंवा ओंडका लावल्याशिवाय जॅक लावू नये, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणालाही खाली जाऊ देऊ नये. चाकाचे नट आधी, चाक जमिनीवर असताना, सैल करायचे. चाक अधांतरी झालं की वर-खाली धरून हलवून बघायचं. खडखडलं तर बेअरिंग. शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं तर तो गेला. पाटे असतील तर पट्टी तडकली आहे का, रबरी बुश फाटले आहेत का ते बघायचं. यू-बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी खाली उतरवून, तिचं वजन पाट्यांवर आल्यावर.

टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कारसाठी ही मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. नक्षी चांगली दिसली तरी वय बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी आरटीओला तिथे गाड्या अडवून टायर तपासावे लागले. रस्ता नवा होता, टायर जुने होते.

आणि एक गोष्ट, जी ऐकून सगळे वाद घालतात. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे घाला. आपल्याला वाटतं पुढे, कारण स्टिअरिंग पुढे. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर ते स्टिअरिंगमध्ये जाणवतं, वेग कमी करून सावरता येतं. मागची घसरली तर गाडी फिरते, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. इथून थोड्या अंतरावर, त्या मातीत, मला हे कळलंय.

त्या दिवशी मलकापूरच्या मिस्त्रींनी संध्याकाळपर्यंत आख जागेवर आणला, नवा बोल्ट घातला. आईला आणि मुलीला त्यांच्या घरी चहा मिळाला. लग्न चुकलं. सांगलीला परतल्यावर मी आमच्या मिस्त्रींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते मला बोलतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "पोरगी बरी हाय न्हवं?" आणि गाडीखाली गेले, दुसऱ्या बाजूचा बोल्ट बघायला. तो माझ्या डोक्यातही आला नव्हता. तोही अर्धा कापला गेला होता.

ते मिस्त्री आता नाहीत. त्यांनी एक ओळ लिहून ठेवलेली नाही. मागून जाणारी गाडी नुसती बघून आत काय सुटलंय हे ओळखणं, ही विद्या त्यांनी कुठल्या वर्गात घेतली नव्हती आणि आम्हीही ती कुठे नोंदवली नाही. तुमच्या गावात, या रस्त्याच्या कडेला, अशी माणसं आजही आहेत. घरातल्या मुलांना वही घेऊन त्यांच्याकडे बसवा. ते काय बघतात, काय ऐकतात, कुठला शब्द वापरतात, ते लिहून घ्या. आणि त्यांनी तुमच्या गाडीला हात करून थांबवलं, तर परीक्षा संपायची वाट बघू नका.

इथेच थांबतो.